एका पायाचे घुंगरू

दोन हजार तेवीस सालचा मार्गशीर्ष. मुलुंडच्या सावंतबाईंनी माझ्या नातीला वर्षभर फुकट नाच शिकवला होता. कोणाचे उपकार अंगावर असले की मला झोप लागत नाही. म्हणून बाईंना माझ्या गावच्या शाळेत मानधनावर नाच शिकवायचं काम मिळावं म्हणून कोकणात नेलं.

घुंगरांच्या जोड्या दहा आणि मुलं आली वीस. हेडमास्तर घड्याळ बघत म्हणाले, "दहाच घ्या. बाकीची घरी जातील. जमलं तर दर महिन्याला या, नाहीतर आजच नमस्कार."

बाई अडल्या. मी उठलो, जोड्या फोडल्या आणि प्रत्येकाच्या उजव्या पायात एकेक बांधत सुटलो.

"काका, हे काय? दोन्ही पायांत लागतात."

"तुमच्याकडे. आमच्या जाखडी नाचात एकाच पायात बांधतात. यांचे बाप असेच नाचतात."

"आणि डावा पाय?"

"तो गप राहतो."

बाई हसल्या नाहीत. पण वीसही पोरं गोल धरून अशी नाचली, की हेडमास्तरांनीच पुढची तारीख मागितली.

परतताना बाई म्हणाल्या, "काका, नातीचं फिटलं."