अण्णांचं सूप

डहाणू-सायवन एसटीत पुढच्या बाकावर दोघी बसल्या होत्या. नरपडच्या आजारी अण्णांचं सगळं बघणारी गंगी खिडकीला डोकं टेकून होती. शेजारच्या संगितानं विचारलं,

“अजून ती सुकी अळंबीच उकळतेस?”

“रोज. आलं-मिरी घालून सूप करते. ऋषभदादा पुण्याहून पाकिटं पाठवतात. ताकद येते म्हणे.”

“डॉक्टर काय म्हणतात?”

“द्या म्हणतात. पण आता कशाचाच भरवसा नाही म्हणतात.”

“अण्णा पितात तरी?”

“तोंडच उघडत नाहीत. ‘तू पी, पोराला सांग मी प्यायलो.’ महिना झाला, मीच पिते.”

“आणि दादांना खोटं सांगतेस?”

“सांगत होते. काल फोनवर दादाच म्हणाले, गंगीताई, गरम असतानाच पीत जा.”