चाळीस जनुकांच्या यादीबाहेर

आदरणीय अध्यक्ष महोदय, म्हणजे आपले संचालक सर, व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे, माझे सहकारी, आणि पहिल्या रांगेतून आत्तापासूनच ‘आटोपतं घे’ अशी खूण करणारे माझे यजमान, सर्वांना नमस्कार.

एकतीस वर्षं मी या संशोधन संस्थेचं मासेघर सांभाळलं, आज निवृत्त होतेय. बोटाच्या दोन पेरांएवढे पट्टेरी मासे. त्यांची कितीतरी जनुकं माणसासारखीच असतात, म्हणून त्यांच्यावर संशोधन. आत्ता माझ्याबद्दल पुष्कळ गोड बोललं गेलं. कुणीतरी ‘आज्ञाधारक’ही म्हणालं. त्या शब्दाला माझी हरकत आहे.

नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. पाच दिवसांच्या पिलांच्या बशीला टिचकी मारली की ती दचकून वळतात. सदुसष्ट नंबरच्या टाकीतली काही पिलं ढिम्म हलेनात. बहिरी होती. मोजली, तर चारांत एक. पुढच्या खेपेला तेच. अशा अकरा खेपा मी मोजल्या.

सर तेव्हा विभागप्रमुख होते. त्यांनी डीएनए वाचून घेतला. पाहुण्यांसाठी सांगते, माशाच्या डीएनएत शंभर कोटींहून जास्त अक्षरं असतात. सगळी कुठे वाचत बसणार? ज्या जनुकांवर संशय, तेवढीच वेचून वाचतात. ऐकण्याशी संबंध असलेल्या चाळीस जनुकांची यादी सरांनी केली. चाळीसही वाचली. बिघाड एकातही नाही.

सर म्हणाले, “बाई, तुम्ही टाक्यांची सरमिसळ केलीत.”

“सर, सरमिसळ असती तर अकराही खेपांना चारांत एकच कसं निघालं असतं?”

“आता तुम्ही मला शिकवणार?”

दुसऱ्या दिवशी मेमो आला. ‘निष्काळजीपणा.’ खाली आदेश, सदुसष्टचं वाण नष्ट करा.

यजमान म्हणाले, “सही करून मोकळी हो. मासेच तर आहेत.”

म्हटलं, “मासे असतील हो, पण खोटं माझ्या नावावर चढतंय.”

सही केली नाही. मासेही मारले नाहीत. सदुसष्टमधल्या चारही जोड्या उचलल्या आणि मागच्या खोलीत ठेवल्या, जिथे वासामुळे कुणी साहेब फिरकत नसे. आदेश मोडला का? मोडला. जाणूनबुजून मोडला. आज सर्वांसमक्ष सांगते, पुन्हा वेळ आली तर पुन्हा मोडेन.

वर्षभराने आपल्या डॉक्टरीणबाई इथे संशोधक म्हणून रुजू झाल्या. त्या बघा, खिडकीपाशी बसल्यात. त्यांना मी त्या खोलीत नेलं, टिचकी मारून दाखवली. त्यांनी एवढंच विचारलं, “मासेताई, बिघाड यादीतल्या जनुकात नसेलच तर?”

“मग यादीला कसा दिसणार?”

बाईंनी आधी बिघाड डीएनएच्या कुठल्या भागात असावा ते शोधलं. मग त्या भागातली सगळी जनुकं नव्या यादीत घातली, कानाशी ज्यांचा संबंध कुणाच्या स्वप्नातही नव्हता तीसुद्धा. पन्नास बहिऱ्या आणि पन्नास ऐकणाऱ्या पिलांची ती जनुकं वाचून घेतली. एका दुपारी धावत जिना उतरून आल्या.

“सापडलं! सगळ्या बहिऱ्यांत तेच एक अक्षर बदललंय, आईकडून आणि बापाकडून आलेल्या दोन्ही प्रतींत. ऐकणाऱ्या एकाही पिलात दोन्हीकडे बदललेलं नाही!”

मी पालथ्या बादलीवर बसले आणि ढसाढसा रडले.

पुढे एका इस्पितळाला दोन बहिऱ्या भावंडांत त्याच जनुकात बिघाड सापडला. त्यांच्या आईचं पत्र आलं. तिने लिहिलं होतं, ‘गरोदरपणी हिचंच काहीतरी चुकलं असणार, हे सासरचं बोलणं बारा वर्षं ऐकलं. आता इस्पितळाच्या तपासणीचा कागद भिंतीवर लावलाय.’

शोधनिबंध छापला गेला. सरांचा सत्कार झाला. टाळ्या मीही वाजवल्या, काम खरं होतं. पण गेल्या आठवड्यात निवृत्तीच्या कागदांसाठी माझी फाईल उघडली, तर मेमो तसाच होता. निष्काळजीपणा.

सर, तो फाडू नका. फक्त त्याला माझं उत्तर जोडा. अकरा खेपांचे आकडे आणि डॉक्टरीणबाईंचा अहवाल, सगळं या कागदात आहे. हा तुमच्यासमोर ठेवते. खाली ‘मेमो चुकीचा होता’ असं लिहिलंय. नुसती मान हलवू नका, सर. सही करा. घाई नाही, मी इथेच उभी आहे.

...

आभारी आहे, सर. तारीखही घाला.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, त्याबद्दल मनापासून ऋणी आहे. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर उदार मनाने क्षमा करावी. माशांच्या बाबतीत मात्र मी कुणाचीही क्षमा मागत नाही.