दादांच्या विटेवर अकरा पट्टे

...नाही, तुम्ही हसा! हसायला काय जातंय तुमचं? घर तुमचं नाही, भिंत तुमची नाही, आणि वडील तर नाहीतच नाहीत तुमचे! जो येतो तो मला हेच विचारतो, "शेखरराव, रंगाला कुणी घाबरतं का हो?" घाबरतं! मी घाबरतो!

तुम्हाला सांगतो, मी काही भित्रा माणूस नाही. अंबडला एमआयडीसीत क्वालिटी कंट्रोलला आहे. केसाएवढा फरक निघाला की पार्ट उचलायचा आणि लाल ट्रेमध्ये टाकायचा, समोर मालक उभा असला तरी मागेपुढे बघत नाही मी. पण घराच्या नव्या मजल्याला बाहेरून काय लावायचं, असं कुणी विचारलं ना... की मी विषयच बदलतो!

कारण आमचं घर विटांचं. आता तुम्ही म्हणाल, सगळ्यांचीच विटांची असतात. असतात, पण आमची दिसतात! प्लास्टर नाही. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एक्क्याऐंशी साली बांधलं, तेव्हा इंदिरानगरात रात्री कोल्हे ओरडायचे म्हणे. एसटीच्या वर्कशॉपातून सुटले की सायकलवरून साइटवर, एकेक वीट हातात घेऊन वाजवून बघायचे. आणि त्या भिंतीला आजतागायत खिळा नाही! कॅलेंडर? खिडकीच्या गजाला. दसऱ्याचं तोरण? दोरी बांधून. अहो, माझ्या लग्नात लायटिंगच्या माळा शेजारच्या भिकनरावांच्या घरावर सोडल्या होत्या, कारण आमच्या भिंतीला हात लावायचा नाही! निम्मे पाहुणे आहेर घेऊन भिकनरावांकडे गेले, चहा पिऊन बसले, नवरदेव कुठाय विचारत राहिले!

तर अशा घरावर वरचा मजला चढवायचा ठरलं. आमच्या सायलीचं काम घरून असतं, पुण्याची कंपनी, आणि तिच्या मीटिंगमध्ये आमच्या कुकरच्या शिट्ट्या जातात... म्हणून वर दोन खोल्या. इंजिनिअरने पाया तपासला, कॉलम उभे राहिले, सिमेंटच्या ब्लॉकच्या भिंती झाल्या, प्लास्टर झालं. इथपर्यंत मला झोप लागत होती. मग इंजिनिअर म्हणाला, "बाहेरून काय करायचं ते ठरवा फक्त." फक्त!

सायली म्हणाली, "बाबा, खाली वीट आहे, वर पांढरा. एकदम क्लीन." उज्वला, आमची सौभाग्यवती, म्हणाली, "पांढरा? समोर रस्त्याची धूळ बघितलीस? दोन महिन्यांत चहाचं गाळणं होईल त्याचं. काळा दगड लावा." भिकनराव कंपाउंडवरून म्हणाले, "काळा? वास्तूवर काळा? शेखर, तुझं काय वाकडं केलंय रे आम्ही, रोज सकाळी बघायचं ते आम्हाला!" कुणी म्हणे वरही वीटच लावा. लावली असती हो, पण आता भट्टीतून येते ती वीट गाजराच्या रंगाची, दादांची आहे जांभळट लाल, शेजारी शेजारी ठेवली तर दादांची वीट म्हातारी दिसते... आणि हे दादांना कोण सांगणार?

आणि दादा! त्र्याऐंशी वय, आवाज अजून वर्कशॉपातलाच. त्यांना विचारलं, "दादा, वर काय लावूया?" तर पेपरातून मानही वर न करता म्हणाले, "तुझा मजला. तू ठरव."

तुम्हाला सांगतो, शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं! माणूस रागावला की कुठे उभं राहायचं ते कळतं. "तू ठरव" म्हटल्यावर कुठे पळायचं? छपन्न वर्षांचा माणूस मी, शेडकार्ड हातात घेतलं की बोटं ओली व्हायची. रंगाला कुणी घाबरतं का? घाबरतं! मी घाबरतो!

आता ऐका, गाढवपणा कुठे झाला तो. दादा दरवर्षी द्राक्षाच्या छाटणीला दिंडोरीला आमच्या आक्काकडे जातात. मजुरांच्या मागे उभं राहून "डोळा बघून काप" एवढंच सांगतात, पण जातात. आठ दिवस. म्हटलं, तेवढ्यात रंग ठरवून टाकू. मुझफ्फरला बोलावलं. पेंटर आमचा, भला माणूस. तो म्हणाला, "साहेब, कार्डपे कुछ नहीं समझता. भिंतीवर पट्टे मारतो, सकाळी बघा, दुपारी बघा, मग फायनल बोला." मी म्हटलं, मार. आणि ड्यूटीवर गेलो.

अकराला फोन. "साहेब, वरचं प्लास्टर तर ओलं आहे, पाणी मारणं चालू आहे अजून. पट्टे कुठे मारू?" इकडे माझ्यासमोर कस्टमरचा ऑडिटर उभा, मशिन खडखडतंय, आणि मी... ज्याने घरच्या कामात कधी कशाला ठाम उत्तर दिलं नाही असा मी... म्हणालो, "मार रे कुठेही! भिंतच आहे ना!"

संध्याकाळी घरी आलो. फाटक उघडलं. आणि दादांच्या विटेवर, दर्शनी भिंतीवर, ज्या भिंतीला खिळा नाही त्या भिंतीवर... अकरा पट्टे! राखाडी, पिस्ता, हस्तिदंती, लिंबू, एक तर असा गुलाबी की बालवाडीची आठवण यावी! मी फाटकालाच धरून उभा राहिलो. मुझफ्फर हात पुसत येतो आणि काय म्हणतो, "साहेब, विटेवर काय उठाव आलाय बघा!"

पुसायला घेतलं. थिनर लावलं, तर पट्टा पसरला. तारेच्या ब्रशने घासलं, तर वीट सोलली गेली. उज्वलाने चिंचेचं पाणी आणलं, तांब्याचे हंडे निघतात म्हणून! मुझफ्फर मान हलवत होता. "साहेब, वीट रंग पीती है. पी गयी." सोमवार गेला, बुधवार गेला, दादा येणार रविवारी. जेवण जाईना मला. कंपनीत चांगले पार्ट लाल ट्रेमध्ये टाकायला लागलो. सायली म्हणते, "बाबा, आजोबा काय करतील फार तर?" काय करतील ते माहीत असतं तर घाबरलो असतो का मी? लहानपणी ह्याच भिंतीवर खडूने स्टंप काढले होते, तर दादा ओरडले नव्हते. नुसते बादली आणि फडकं घेऊन, एक शब्द न बोलता, स्वतः पुसत बसले होते. तो पाठमोरा बाप अजून दिसतो मला. त्याला घाबरत होतो मी. आता त्र्याऐंशीव्या वर्षी पुन्हा बादली घेऊन बसले तर?

शेवटी भिकनरावांनी तोडगा काढला. कुठल्यातरी भाऊंच्या वाढदिवसाचा जुना फ्लेक्स त्यांच्या गच्चीवर पत्र्याखाली होता, तो आणला आणि बांधला. खिडकीच्या गजाला हां, खिळा नाही! आमच्या घरावर पंधरा फुटांचे भाऊ, गॉगल लावून, हात जोडून!

रविवारी आक्काच्या जावयाने दादांना गाडीने सोडलं. दादा उतरले, भाऊंकडे बघितलं. "हा कोण?"

मी म्हटलं, "भाऊ आहेत."

"कुणाचे?"

काय सांगू! आणि नेमका वारा सुटला हो. भाऊ फडफडले, खालून सुटले आणि डोक्यावरून मागे गेले... आणि अकराच्या अकरा पट्टे उघडे!

"कुणी केलं हे?"

"मुझफ्फरने... म्हणजे मी सांगितलं... मीच, दादा."

दादा जवळ गेले. एकेका पट्ट्यावर बोट फिरवलं. पिस्त्याशी थांबले. तिथेच पायरीवर बसले, आणि मला वाटलं, आता मागतात बादली... तर म्हणाले, "तुझ्या आईला हा पाहिजे होता."

मी म्हटलं, "काय?"

"पिस्ता. घर बांधलं तेव्हा सिमेंटला परमिट लागायचं. भिंती उभ्या राहिल्या, सिमेंट संपलं, म्हटलं दिवाळीनंतर प्लास्टर करू. पुढे सिमेंट मिळायला लागलं, तर प्रश्न आला, रंग कुठला द्यायचा? ही म्हणे पिस्ता. मला वाटलं, चुकला तर? सगळा रस्ता बघणार. म्हटलं, दिवाळीनंतर बघू. दर वर्षी विचारायची, कुठल्या दिवाळीनंतर?"

"आणि खिळा, दादा? चाळीस वर्षं खिळा का नाही?"

"वीट तडकली तर झाकायला प्लास्टर कुठाय रे!"

अहो, आर्किटेक्टची पोरं येऊन फोटो काढून गेली आमच्या भिंतीचे! काय साधेपणा, काय सौंदर्यदृष्टी म्हणून! आणि माझा बाप चाळीस वर्षं नुसता घाबरलेला होता! आई जाऊन नऊ वर्षं झाली. पिस्ता राहिलाच. ते बोट पट्ट्यावरून उचलवेना त्यांना... आणि मला, तुम्हाला खरं सांगतो, तेव्हा हसूही आलं आणि रडूही.

आता म्हणाल, मग लावला असेल पिस्ता. तुम्ही आमच्या घराण्याला ओळखत नाही! दादा म्हणाले, "लावूया. खाली वर दोन्हीकडे प्लास्टर करून एकच रंग." मी म्हटलं, "हो." मग ते म्हणाले, "पण उन्हात विटेल का रे?" मी म्हटलं, "विटेल बहुतेक." ते म्हणाले, "हस्तिदंती पण वाईट नाही." एका मजल्याची भीती होती, आता दोन मजल्यांची झाली! रोज संध्याकाळी दोन खुर्च्या टाकून आम्ही बापलेक भिंतीसमोर बसतो, जाणारे येणारे थांबतात, विचारतात, "रंगाला कुणी घाबरतं का?" घाबरतं हो, आता दोघं घाबरतात!

परवा मुझफ्फर आला. फाटकातूनच म्हणाला, "साहेब, आज फायनल बोला. कौन सा?" मी दादांकडे बघितलं. दादांनी माझ्याकडे बघितलं. आणि दोघंही एका सुरात म्हणालो, "दिवाळीनंतर बघू."

तर स्वयंपाकघरातून उज्वलाचा आवाज आला, "कुठल्या?"