वर गेलेली गोळी

नाही, पण मला तुम्ही एवढंच सांगा, वर गेलेली गोळी खाली कुठं येते? आपल्या बीड जिल्ह्यात लग्न असो, निवडणूक असो, कुणाच्या नातवाचं जावळ असो, आभाळात बार काढल्याशिवाय आनंद झाला असं कुणी धरतच नाही! काढा ना बार... पण ती खाली कुठं येते? आमच्या पुढाऱ्यांना, सुंदररावांना, मी तोंडावर विचारलं. म्हणाले, "पत्रकार, तुमी लई वाकडं बोलता." घ्या! गोळी सरळ, मी वाकडा!

तुम्हाला सांगतो, आमच्या सिरसाळ्याच्या पलीकडच्या वाडीत शहादेवची राजनंदिनी आहे. पिस्तूल नेमबाज. राज्यात पहिली आली. कशी आली? आईबाप ऊसतोडीला गेले की ही मागं शेळ्यांजवळ, हातात पाण्यानं भरलेला तांब्या, हात ताठ, नजर भिंतीवरच्या काळ्या टिकलीवर... तासन्‌तास! बायका विचारायच्या, "कावून गं, भिंतीनं काय केलं तुझं?" आणि तिचं पिस्तूल कसलं? हवेवर चालणारं. छर्रा सुटतो, समोरच्या कागदाला भोक पडतं, बस्स. हे ऐकून गाव असं खट्टू झालं म्हणता! "म्हंजी जत्रंत फुगे फोडत्यात, तसलं?"

त्यात आठवड्यावर आलेली तिची देशाच्या संघासाठीची निवड चाचणी. अंगावर हत्याराचा एक गुन्हा पडला की संपलं, पुन्हा पिस्तुलाला हात लावायला नको. पोरीला हे पाठ. आणि गावानं काय करावं? मिरवणूक काढली!

उघडी जीप, हलगी, गुलालाचं घमेलं, आणि शेजारी आमचे पुढारी सुंदरराव. भर चौकात त्यांनी कमरेचं भरलेलं रिव्हॉल्व्हर काढलं आणि ठेवलं तिच्या हातात. "उडव, पोरी! होऊ दे आवाज!"

तिनं वर पाहिलं. दोन्ही बाजूंना माळवदं, माळवदांवर बाया, लेकरं, आणि सगळ्यांच्या पुढं, पदर तोंडाला लावून, तिची आई भिवराबाई. स्पर्धेत कधी न हललेला तो हात लटलटा कापायला लागला हो!

"काका, गोळी खाली कुठं येईल?"

"येईल कुठंबी! आमी आजवर कुणाला इचारलं न्हाई."

"वर माणसं हायेत, काका."

"मग? आपलीच हायेत की!"

खाली गर्दी, "उडव! उडव!" शहादेव जीपचा दांडा धरून पुटपुटतोय, "उडव बाई एकदाची..." त्याच्याच कपाळावरून घाम गळतोय! कारण सुंदररावांना चारचौघांत नाही म्हटलेल्या माणसाचं पुढं काय होतं, हे आमच्याकडं कुणी विचारत नाही. गोळी झाडावी तर आई समोर, न झाडावी तर बाप!

घाबरलेलं माणूस सवयीवर जातं. नेमबाजाची सवय काय? कुणाचंही हत्यार हातात आलं की आधी रिकामं करायचं. तिनं गळ्यातल्या हारांच्या आडोशाला रिव्हॉल्व्हरचं चाक उघडलं, सगळ्या गोळ्या शेजारच्या घमेल्यात, गुलालात ओतल्या. हात वर केला. खटका दाबला. टिक्!

पण सुंदररावांच्या ड्रायव्हरला, त्या नाथाला, सांगून ठेवलेलं की ताईंचा हात वर गेला रे गेला की सुतळी बॉम्ब लाव. धडाम्!

"काय बार हाय बे!" गाव नुसतं वेडं झालं! सुटली पोरगी, असं वाटलं ना तुम्हाला? तिलाही वाटलं. तिनं श्वास सोडला... आणि तेवढ्यात सुंदररावांनी आनंदाच्या भरात दोन्ही हात घमेल्यात घातले आणि गच्च ओंजळ उधळली... वर! पार आभाळात!

आता सांगा, वर गेलेली गोळी खाली कुठं येते? सुंदररावांच्या टकलावर! टण्‌! ते ओरडले, "मेलो! गोळी लागली!" डोक्याला हात लावला, हात लाल, गुलालानं हो! पण ते पाहायला शुद्ध कुणाला? आडवे झाले! आणि शंभर मोबाइलांत काय दिसतंय? पोरीचा हात वर, आवाज, पुढारी खाली!

ठाण्यात साहेब विचारतात, "बोला ताई, गोळी कुणी झाडली?"

"कुणीच न्हाई. ती गुलालात होती."

"गुलालात कुणी टाकली?"

"मी."

"मग कबूलच केलं की तुमी!"

पोरगी पांढरीफटक. गेली चाचणी, गेलं सगळं! टेंगूळ घेऊन सुंदरराव तक्रार द्यायला बसलेले. तेवढ्यात साहेबांनी विचारलं, "हत्यार कुणाचं लिहू? आणि परवाना?" सुंदररावांनी वर पाहिलं, खाली पाहिलं... "जाऊ द्या साहेब, लेकरू हाय. नारळ लागला असंल."

सुटली! गुन्हा नाही, काही नाही. काल चाचणीला निघाली. एसटीच्या खिडकीशी सुंदरराव स्वतः हजर, टकलावर पट्टी. "पोरी, जिंकून ये! औंदाच्याहून मोठी मिरवणूक काढू. दोन रिव्हॉल्व्हर आणतो!"

बस हलली, माळवदावरून भिवराबाईनं हात केला, आणि पोरीचा हात पुन्हा लटलटायला लागला. लोक म्हणतात, हरायची भीती वाटत असेल. कसली हरायची! तुम्हाला सांगतो... तिला भीती आहे ती जिंकायची!