मूठभर कोंड्याचं बाळ

मोहबेगम : आणा त्याला इकडे, जाऊबाई. भुकेलाय तो.

सव्रीगुल : छे गं! माझ्या मांडीवर कसा गप्प पडलाय बघ. राजा माझा!

मोहबेगम : तुमचा? नऊ महिने पोटात मी वागवला. मूठभर कोंडा देऊन खिडकीतून घेतलात, की लगेच तुमचा झाला होय?

सव्रीगुल : हळू बोल, बाई! मृत्यू दाराशी कान देऊन बसलाय. तुझी दोन नेली त्यानं, माझ्या पाचांना शिवला नाही. माझा समजून यालाही शिवू नये, म्हणून तर विकलास ना मला? चाळिसावा दिवस होऊ दे, तसाच कोंडा दे नि घेऊन जा.

मोहबेगम : तोवर उठता-बसता त्याचे मुके घ्यायलाच हवेत का? माझ्या अंगाचा तिळपापड होतो. पाच आहेत की तुम्हाला!

सव्रीगुल : आणि तुला नवरा आहे. लढाईतून तुझा परत आला, माझा नाही. रोज संध्याकाळी त्याचे बूट दाराशी दिसले की माझाही जीव जळतो. बोलले कधी?

(नर्स रुहशोना दारात.)

रुहशोना : सलाम! लढाईच्या धामधुमीत कोण जन्मलं, कोण गेलं, जिल्ह्याला काही पत्ता नाही. म्हणून घरोघर विचारतेय. हे बाळ कुणाचं? नीट सांगा हं. आई म्हणून जिचं नाव लिहीन, तिचंच ते. मागाहून बदलायला येऊ नका.

मोहबेगम : पुढच्या महिन्यात नाही का येणार, बाई?

रुहशोना : बर्फात घाट बंद होतो. मग एकदम वसंतात.

सव्रीगुल : तूच सांग, मोहबेगम. मी तोंड उघडत नाही.

मोहबेगम : ...जाऊबाईंचा आहे.

रुहशोना : मग तुझा झगा का ओला?

मोहबेगम : त्यांना दूध येत नाही. मी पाजते तेवढं.

सव्रीगुल : घे गं. घे त्याला. खरंच भुकेलाय.

रुहशोना : आणि तुझी स्वतःची मुलं?

मोहबेगम : दोन होती. लढाईत पळून गेलो तेव्हा, नदीपलीकडे, तंबूत, गोवरानं गेली. थोरली गुलचेहरा, धाकटा शोदमोन. आई मोहबेगम. लिहा, बाई, आणि मोठ्यानं वाचून दाखवा. त्यांना आता कुणाची भीती नाही.