दारूची सूज नाही

दवाखान्यात माझ्या शेजारी एक फरशी बसवणारा येऊन टेकला. डोळे पिवळे झालेले, आणि सोबत बायकोचा भाऊ.

"काय म्हणाले डॉक्टर, दाजी?"

"लिव्हरला सूज आहे. पण दारूची नाही. थेंब घेत नाही मी, घसा फोडून सांगत होतो की नाही?"

"चुकलं माझं. दाजी चोरून पितात, हे ताईच्या डोक्यात मीच भरवलं."

"माझी हत्यारांची पिशवीसुद्धा हुंगली तिने."

"थांबा, फोनच लावतो. जीव भांड्यात पडेल तिचा."

"अरे, लगेच कशाला?"

"मग सूज कशाची?"

"तळहातांवर हे डाग आहेत ना? मी म्हटलं, सिमेंटने उठलेत. तर ते म्हणाले, तळपायांवरचेही सिमेंटनेच का? म्हणून परवा रक्त घेतलं होतं."

"बरं, मग?"

"सिफिलिस निघाला. तोच लिव्हरपर्यंत गेलाय. आत्ताच पेनिसिलिनचं इंजेक्शन टोचलं, धड बसवत नाहीये. पण ठणठणीत होशील म्हणाले."

"सिफिलिस म्हणजे तो... बाहेर जाणाऱ्यांना होतो तो?"

"हळू बोल. मागच्या कामावर असताना झालं एकदा."

"दाजी, फोन लागलाय. ताई हॅलो हॅलो करतेय. काय सांगू?"

"दारूच होती म्हण."

"म्हणतो. आणखी काही?"

"उद्या तिलाही घेऊन ये म्हणालेत. तिचंही रक्त तपासायचंय."