सुधाकर हयात आहे

(वसईजवळचं सांडोर गाव. केळीच्या वाडीतलं घर. ओटीवर हरिश्चंद्र आणि त्याचा नैरोबीच्या नोकरीतला सोबती सुधाकर, दोघंही नव्वदीला टेकलेले. हरिश्चंद्राची बायको सावित्री आतबाहेर करते आहे.)

सुधाकर : अरे, सही कर ना! यंदा एवढा वेळ कशाला लावतोस?

हरिश्चंद्र : थांब. तू हयात आहेस हे विलायतेला लिहून द्यायचंय, तेव्हा कुठं तुझी पेन्शन चालू राहणार. खात्री नको करायला? श्वास घे बघू.

सावित्री : भावजी, श्वास नंतर घ्या, आधी सुकेळी घ्या. वाडीतलीच केळी वाळवलीत.

सुधाकर : वहिनी, याच्या डब्यातली सुकेळी आमचा गोरा साहेब मागून मागून खायचा. बढतीचं नाव काढलं की मात्र म्हणायचा, कंत्राटी माणसाला कसली बढती!

हरिश्चंद्र : नियमच तसा होता. करार संपला की बोटीनं घरी. परत गेलं की पुन्हा खालची पायरी, तेच टेबल, तोच पगार. कायम झालेला मात्र झोपा काढत काढत हेडक्लार्क व्हायचा.

सुधाकर : मी झोपा काढल्या?

हरिश्चंद्र : थोड्या काढल्यास. पण काय दिवस होते रे! शनिवारी ऑफिस सुटलं की जांभळ्या फुलांच्या त्या रस्त्यानं आपण दोघं, वसईच्या गप्पा मारत. अजून आठवलं की जीव कासावीस होतो.

सुधाकर : मला मुलाखतीचा दिवस आठवतो. दोघंही कंत्राटी, कायमची जागा एकच. तू असतास तर तुझीच होती, हरी. मी तार केली होती तुला, लगेच निघ म्हणून.

सावित्री : मांडव घातला होता, तेव्हा आली ती तार. यांनी वाचली, खिशात घातली आणि बोहल्यावर येऊन उभे राहिले. मला वाटलं, कुणी गेलं की काय!

हरिश्चंद्र : गेलीच होती. बढती.

सावित्री : वाईट वाटलं होतं?

हरिश्चंद्र : वाटलं तर! खोटं कशाला बोलू? साहेबाचं राज्य गेलं तेव्हा याला पेन्शन आणि मला नुसता सलाम. इथं येऊन मास्तर झालो, म्हणून निदान माझी सही याच्या कामी येते.

सावित्री : तिथं नाही, पण इथं तरी कायम झालात ना?

सुधाकर : हरी, एक सांगायचं होतं. आमच्या उमंगनं वसईतलं घर विकायला काढलंय. मला त्याच्या फ्लॅटवर, फुलपाड्याला घेऊन जातो म्हणतो. बाबा, तिथल्या बँकेतले साहेब करतील सही, म्हणाला.

हरिश्चंद्र : ठाऊक आहे. तुझ्या लेकाचा फोन आला होता मला.

सुधाकर : म्हणून वेळ लावतोयस होय!

हरिश्चंद्र : तुझं बरं आहे. तू आहेस की गेलास, हे विलायत विचारते. मला कोण विचारतं? नोव्हेंबरात तू येतोस, एवढंच.

सुधाकर : वहिनी, एक कोरा कागद द्या.

सावित्री : हा घ्या. कशाला हो?

सुधाकर : 'श्री. हरिश्चंद्र, मुक्काम सांडोर, हयात आहेत. मी समक्ष पाहिले.' खाली माझी सही. निवृत्त हेडक्लार्क, नैरोबी.

हरिश्चंद्र : आणि हे पाठवायचं कुणाला?

सुधाकर : कुणालाच नाही. वहिनी, देवघरात ठेवा. मुदत मात्र वर्षाचीच. पुढच्या नोव्हेंबरात मी इथं येऊन वाढवून देणार.

हरिश्चंद्र : फुलपाड्याहून? उमंग सोडेल?

सुधाकर : त्याला सांगेन, कामावर जायचंय.

हरिश्चंद्र : वर्षावर्षाचा करार! शेवटी तूही कंत्राटीच झालास म्हणायचा. आण तुझा कागद. करतो सही.